लिनक्सवर आवाज गेला तर
आवाज गेला म्हणून लगेच लिनक्स पुन्हा टाकायला बसू नकोस. आधी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘एप्ले -एल’ (aplay -l) दे; एल लहान लिपीतला. यादीत साउंड कार्ड दिसलं, तर बहुधा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ठीक आहे, घोळ सेटिंगचा. दिसलंच नाही, तर बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ऑनबोर्ड ऑडिओ, म्हणजे मदरबोर्डवरचंच साउंड कार्ड, बंद आहे का बघ.

नेहमीची भानगड म्हणजे एचडीएमआय, मॉनिटरला चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी केबल: आवाज बिनस्पीकरच्या मॉनिटरकडे जात असतो. ‘पाव्ह्यूकंट्रोल’ (pavucontrol) हा आवाजाच्या सेटिंगचा प्रोग्रॅम उघड, कॉन्फिगरेशनमध्ये एचडीएमआयचं कार्ड ऑफ कर, दुसऱ्या कार्डाला ॲनालॉग स्टिरिओ (साध्या स्पीकर-हेडफोनचा पर्याय) दे.

तरी शांतता? टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ (alsamixer) हा आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्रॅम चालव आणि एफ६ दाबून खरं कार्ड निवड. नाहीतर बऱ्याचदा एकटी मास्टरची पट्टीच दिसते. पट्टीखाली ‘एमएम’ म्हणजे म्यूट. एम दाबलंस की ‘००’ होतं. उजवीकडे सरकत ‘ऑटो-म्यूट’पर्यंत जा. हेडफोन लावला की स्पीकर बंद करणं हे त्याचं काम, पण पुढचा जॅक खराब असला की हेडफोन काढला तरी त्याला तो लावलेलाच वाटतो. डिसेबल करून टाक.

पाइपवायर, म्हणजे मागे चालणारी आवाजाची सेवा, अडकलं असेल, तर ‘सिस्टमसीटीएल --युजर रीस्टार्ट पाइपवायर वायरप्लंबर’ (systemctl --user restart pipewire wireplumber) दे. सुडो (ॲडमिनच्या हक्काने आज्ञा चालवणारा शब्द) लावू नकोस, ही सेवा तुझ्या लॉगिनखाली चालते.