अक्का, बाबा ग्रुपमधून लेफ्ट झाले

"अक्का नमस्कार. मी ३१ वर्षांचा, घर सांगलीत, नोकरी पुण्यात. बाबा रिटायर होऊन तीन वर्षं झाली, दिवसभर मोबाईल आणि राजकारण. २०२४ च्या लोकसभेपासून बाबा एका बाजूला, काका लिफाफा चिन्हावर अपक्ष उभ्या राहिलेल्या विशाल पाटलांच्या बाजूला, फॅमिली ग्रुपवर रोज वादावादी. ताईच्या साखरपुड्यात काकांनी आहेराचा लिफाफा दिला तर बाबा म्हणाले मुद्दाम चिन्ह घेऊन आलाय, आणि परत केला. गेल्या महिन्यात बाबांनी एका चकाचक रस्त्याचा फोटो टाकला, आपल्या सरकारनं केला म्हणून. फोटो निघाला परदेशातला. मी ग्रुपवरच लिंक टाकून सांगितलं, वर हसणारे इमोजी. काकांनी लगेच अंगठा दिला. बाबा ग्रुप सोडून गेले. माझ्याशी हो-नाही एवढंच बोलतात आणि यंदा गणपती काकांच्या घरी नको, वेगळा बसवू म्हणतात. मी खरं तेच बोललो ना, मग माझं काय चुकलं?"

बाळा, लिंक बरोबर होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण खाली ती डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसणारी तोंडं कुणासाठी टाकलीस? बाबांना चूक कळावी एवढंच असतं तर रात्री जेवणं झाल्यावर फोन केला असतास. तू सांगितलंस ते काका, काकू, आत्या आणि अजून नीट ओळख पण न झालेले जावईबापू, या सगळ्यांसमोर. भर लग्नात बापाच्या सदऱ्याला मागनं डाग पडलाय हे माईकवर सांगितल्यागत झालं ते. डाग खरा होता, होय की. पण माणूस घरी जाऊन सदरा धूत नाही, आधी माईकवाल्याचं तोंड बघणं सोडतो.

आता तू म्हणशील अक्का खोट्या मेसेजची बाजू घेतात. अजिबात नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी म्हणून पाच माणसं लोकांनी ठेचून मारली, त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड जाईल अशी अडवणूक केली. आणि लांब कशाला जायचं, २०२२ च्या सप्टेंबरात आपल्या जत तालुक्यात लवंग्याला चार साधूंना त्याच संशयावरनं बेदम मारलं, ते बिचारे पंढरपूरला निघालेले. तेव्हा असलं काही बाबांनी टाकलं तर वाट बघू नकोस, तिथंच थांबव, राग आला तरी चालेल. पण रस्त्याचा फोटो ती गोष्ट नव्हे रे. त्यानं कुणाचं डोकं फुटणार नव्हतं, फक्त बाबांना मिरवायचं होतं की बघा आमची बाजू बरोबर.

बाबा राजकारणावर भांडतात असं तू लिहिलंयस, मला मात्र वेगळंच वाटतंय. तीन वर्षांपूर्वीपर्यंत सकाळी डबा घेऊन जाणारा माणूस, साहेब म्हणून हाक मारणारी चार माणसं, ते सगळं एका दिवसात बंद झालं, मुलगा पुण्यात, मुलगी लग्नाची, आणि भावाशी बोलायला दुसरा विषयच शिल्लक नाही, मग हेच. सकाळी सहाला काकांना मेसेज टाकला की दहापर्यंत उत्तर येतंय, तेवढा वेळ जातो. भांडण असलं तरी रोजचं बोलणं होतं ते, आणि तू ते तोडलंस. सॉरी, पण मला तसं दिसतंय.

आमच्या लहानपणी वसंतदादा आणि राजारामबापू अशा दोन बाजू होत्या, घराघरात होत्या. तेव्हा सगळं गोडीगुलाबीचं होतं असलं काही मी सांगणार नाही, भावाभावांची बोलणी तेव्हाही बंद पडायची. फक्त रात्री भांडलेला माणूस सकाळी मोटरीच्या पाळीला समोर यायचा आणि लाईट आली का एवढं तरी विचारावंच लागायचं. तुमच्या ग्रुपवर असं मधलं काही नाही, भांडणावर थेट पुढचं भांडण.

मोबाईलला मात्र शिव्या घालू नकोस हं. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे आपल्याकडं. तेव्हा आमच्या गल्लीत माडीवर बसून आम्ही ग्रुपवरच विचारत होतो, कुणाच्या घरात म्हातारं माणूस आहे, कुणाला दूध पाहिजे, बोट कुठल्या कोपऱ्यापर्यंत येतीय. कोण कुठल्या पार्टीचा हे आठवडाभर कुणी काढलं नाही. पाणी उतरलं, चिखल काढून झाला, आणि मग लई जोरात काढलं, ते सोड.

आता तू काय कर. आपल्या सांगलीचा चोर गणपती कसा चतुर्थीच्या चार दिवस आधीच गुपचूप येऊन बसतो, तसा तू सुट्टी टाकून आधी ये. ग्रुपवर येतोय म्हणून लिहू नकोस आणि माफीनामा तर अजिबात टाकू नकोस, परत तमाशा. बाबांना गाडीवर मागं बसव, घाटावर ने, भेळ खा, आणि सरळ सांग की फोटोचं सोडा, मी हसलो ते चुकलं. एवढंच. "पण फोटो खोटाच होता" हे शेपूट लावलंस तर सगळं मुसळ केरात. फोटो खरा का खोटा ते कसं शोधायचं हे दिवाळीला दाखव, तेही त्यांनी विचारलं तर, आणि पहिल्यांदा काकांचाच एखादा मेसेज तपासायला दे, बघ किती पटकन शिकतात!

काकांना वेगळा फोन कर. तो अंगठा पण काही निष्पाप नव्हता. त्यांना म्हण लिफाफा तुमच्याकडंच ठेवा, लग्नात आहेर म्हणून साडी आणा, साडी कुणाचं चिन्ह नाही अजून.

वेगळ्या गणपतीचं मात्र तू बोलूच नकोस. तुझ्या एवढ्या लांब पत्रात आई आणि काकूचं नाव सुद्धा नाही. माझी खात्री आहे, त्या दोघी दुपारी दोनला रोज फोनवर बोलत असणार, मोदक किती, सोवळं कुणाचं, हे सगळं त्यांचं कधीच ठरलेलं असणार आणि बाप्या माणसांना सांगायचं तेवढं राहिलं असणार. आज आईला फोन कर आणि नुसतं विचार, नारळ किती आणू.