ब्लॉकवरचा नंबर आरसीशी जुळत नाही, आता काय करू?

प्रश्न : आजोबांची १९६७ सालची फियाट ११०० पुन्हा रस्त्यावर आणतो आहे. इंजिनाचा ब्लॉक तडकला होता, म्हणून गॅरेजवाल्याच्या ओळखीने मुंबईतल्या एका भंगार व्यापाऱ्याकडून दुसरा घेतला. अर्धे पैसे रोख दिले, अर्धे मोबाइलवरून. बिल घेतलं नाही. आता व्हिंटेज नोंदणीसाठी गेलो, तर इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही म्हणून फाइल अडली. व्यापारी म्हणतो, माल टॅक्सीतून निघालेला आहे. गॅरेजवाला म्हणतो, जुना नंबर या ब्लॉकवर पंच करून देतो. ब्लॉक चोरीचा निघाला तर मी अडकेन का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सर्वांत आधी गॅरेजवाल्याला थांबवा. आज तुमच्याकडे फक्त न जुळणारा नंबर आहे, आणि न जुळण्याचं खरं कारण तुम्ही सांगू शकता. नंबर घासून दुसरा ठोकलात की ते कारण कोणी ऐकून घेणार नाही. चोरीचा माल बाळगल्याच्या गुन्ह्यात (भारतीय न्याय संहिता, कलम ३१७, १ जुलै २०२४ पूर्वीची खरेदी असेल तर जुन्या दंड संहितेचं ४११) सरकार पक्षाला हे दाखवावं लागतं, की माल चोरीचा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं किंवा तसं मानायला सबळ कारण होतं. पंच केलेला नंबर हे कारण तुमच्याच हाताने तयार करून देतो.

दुसरं, तडकलेला ब्लॉक अजून गॅरेजमध्ये पडला असेल तर आजच घरी आणा. त्यावरचा नंबर आरसीशी जुळतो, आणि इंजिन का बदललं याचा त्याहून चांगला साक्षीदार तुम्हाला मिळणार नाही. लोक नेमका हाच ब्लॉक किलोवर विकून टाकतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता नव्या ब्लॉकचा माग. त्यावर दोन प्रकारच्या खुणा सापडतील. ओतकामातच उठून आलेले आकडे साच्याचे असतात; त्यावरून ब्लॉक कोणत्या प्रकारचा ते कळतं, गाडी कळत नाही. सपाट केलेल्या जागी ठोकलेला नंबर मात्र एकाच इंजिनाचा. तो वाळूने किंवा ग्राइंडरने साफ करू देऊ नका. आहे त्या स्थितीत, तारखेसह फोटो काढा. तिथे आधीच घासल्याच्या खुणा दिसल्या, तर पुढचं काहीही करण्याआधी वकिलाला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात लेखी कळवा.

नंबर स्वच्छ वाचता येत असेल, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत इंजिन नंबर टाकून चोरीची नोंद आहे का पाहा आणि उत्तराची प्रत ठेवा. तिथे नोंद नसणं उपयोगाचं आहे, पण पुरेसं नाही, कारण ती यादी संगणकावर चढलेल्या प्रकरणांपुरतीच बोलते.

व्यापाऱ्याचं म्हणणं अशक्य नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाट आणि नंतरच्या पद्मिनी यांचं १०८९ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातलं, आणि काळ्या-पिवळ्या पद्मिनी हजारोंनी मोडीत निघाल्या. पण टॅक्सी मोडीत काढली की मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते (मोटार वाहन कायदा, कलम ५५). म्हणून व्यापाऱ्याकडे टॅक्सीचा नंबर आणि भंगाराचा कागद लेखी मागा. नंबर मिळाला, तर संबंधित आरटीओत माहिती अधिकाराचा अर्ज करा. अर्जात मालकाचं नाव विचारू नका. खासगी माहिती म्हणून नकार येतो. 'या क्रमांकाच्या वाहनाची नोंदणी रद्द झाली आहे काय, कोणत्या तारखेला, आणि नोंदीत इंजिन क्रमांक कोणता?' एवढंच विचारा.

पैशांचं सांगतो. मोबाइलवरून दिलेल्या रकमेची नोंद आणि व्यापाऱ्याशी झालेलं चॅट जपून ठेवा, फोन फॉरमॅट करू नका. चोराकडून आलेल्या मालाची मालकी खरेदीदाराकडे येत नाही, त्याने पूर्ण किंमत मोजली असली तरी. खरा मालक उभा राहिला तर ब्लॉक जाईल. मात्र विकण्याचा हक्क आपल्याला आहे ही हमी विक्रेत्याने न बोलताही दिलेली असते (माल विक्री कायदा १९३०, कलम १४), त्यामुळे रक्कम त्याच्याकडून वसूल करता येते.

आरटीओतली अडचण वेगळी आहे. इंजिन बदलल्याची मंजुरी आणि १४ दिवसांत कळवणं, दोन्ही कलम ५२ मध्ये येतात, आणि तुमचं ते राहून गेलं. उशीर मान्य करून अर्ज द्या. सोबत दोन्ही ब्लॉकचे फोटो, वाहन समन्वयचं उत्तर, पैसे दिल्याची नोंद आणि प्रतिज्ञापत्र जोडा. दंड होऊ शकतो, तो भरा. व्हिंटेज नोंदणीच्या २०२१ च्या नियमांत गाडी ५० वर्षांहून जुनी असावी आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. त्याच घराण्यातला, त्याच क्षमतेचा ब्लॉक बसवणं हा मोठा फेरफार नव्हे, असं माझं ठाम मत आहे आणि तसं अर्जात लिहा. निर्णय मात्र प्राधिकरणाचा. म्हणून आधी आरसीवर नव्या इंजिनाची नोंद करून घ्या आणि मगच व्हिंटेजची फाइल पुढे रेटा. अर्ज नाकारला तर कारणं लेखी मागा. अपिलासाठी तोच कागद लागेल.