दुकानाची गोष्ट लपवू नका

नमस्कार,

मुलगा आयआयएम इंदूरच्या आयपीएमची, म्हणजे बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या मॅनेजमेंट अभ्यासक्रमाची, लेखी परीक्षा पार करून मुलाखतीपर्यंत पोचला, आधी त्याचं मनापासून कौतुक! तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. औशातल्या तुमच्या खताच्या दुकानाचा विषय त्याने टाळावा का, आणि क्लासने लिहून दिलेली 40 उत्तरं पाठ करावीत का. दोन्हींना माझी साफ ना आहे.

तुमची धास्ती समजते. इंजिनिअरिंगला सीईटी, मेडिकलला नीट, मग कॅप राउंड आणि यादी, एवढंच आपण पाहत आलो. समोर बसून कुणी प्रवेश ठरवणार म्हटलं की वशिल्याची शंका येतेच. पण इथे लेखीचे आणि मुलाखतीचे गुण मिळून यादी लागते. बारावीनंतर लगेच मॅनेजमेंटच का, हे पोराने स्वतःच्या डोक्याने ठरवलंय का, ते प्राध्यापकांना त्याच्या तोंडून ऐकायचं असतं.

त्याचं उत्तर तर तुमच्या दुकानातच आहे. युरियाची 45 किलोची गोणी सरकारने ठरवलेल्या 266 रुपये 50 पैशांनाच विकायची, मग दुकान चालतं कशावर? खतविक्रीची नोंद करणाऱ्या पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा कशासाठी? जूनमधली उधारी सोयाबीन विकल्यावर फिटते. त्या वर्षी भाव पडला तर तुम्ही काय करता? दर सुट्टीत तो गल्ल्यावर बसतो, असं तुम्हीच लिहिलंय. हे सगळं त्याला आधी तुमच्याशी मराठीत बोलू द्या, मग तेच इंग्रजीत. एखादं वाक्य अडखळलं तर अडखळू दे. पाठ केलेलं उत्तर मात्र पुढच्याच 'का?'ला कोसळतं. सराव-मुलाखती घेताना दर वर्षी मी हे पाहते, आणि हुशार पोरांचं असं झालं की फार वाईट वाटतं.

अकरावी-बारावीचं गणित चाळून ठेवायला सांगा, त्यावर विचारतात. कारण पहिली तीन वर्षं गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र हेच जास्त असतं. आलं नाही तर 'येत नाही, सर' म्हणावं, ठोकून देऊ नये.

आणि फॉर्मची प्रत काढून वाचा. छंद म्हणून त्याने 'वाचन' लिहिलंय म्हणता. शेवटचं पुस्तक कुठलं वाचलं, आज जेवताना त्याला विचारून बघा.