जुन्या फ्रेंच विनोदी चित्रपटांत ज्यू, अरब माणसं दिसतात का?

फार कमी. १९६६चा 'ला ग्रांद वाद्रुय' घ्या. नाझींच्या ताब्यातलं फ्रान्स, १ कोटी ७० लाखांवर तिकिटं खपली, पण ज्यूंचा छळ कथेत जवळपास नाहीच. आणि दिग्दर्शक जेरार उरी स्वतः ज्यू, युद्धात स्वित्झर्लंड गाठावं लागलेले!

त्यांनीच १९७३मध्ये 'रब्बी जाकोब' काढला (रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू). त्यात नट लुई द फ्यूनेसने रंगवलेला तिरसट कारखानदार आपला ड्रायव्हर सालोमोन ज्यू आहे हे ऐकून हादरतो. मग उपकार केल्यासारखा सांगतो, असू दे, तरी कामावर ठेवतो. हसू येतं ते शेठचंच. मला खटकतं एवढंच, की अरब नेता स्लिमान रंगवला तो फ्रेंच नट क्लोद जिरोने. रब्बी झालेले मार्सेल दालिओ मात्र खरोखर ज्यू. त्यांचाच चेहरा नाझींनी 'ज्यू असा ओळखावा' म्हणून पोस्टरवर छापला होता.