पोर्टर म्हणजे हमाल की दरवान?

प्रश्न: पोर्टर म्हणजे हमाल हे लहानपणापासून माहीत आहे, पण इंग्लंडमधल्या कॉलेजच्या गेटवर बसणाऱ्यालाही पोर्टरच म्हणतात असं वाचलं. शिवाय पोर्टर नावाची बिअर पण असते म्हणे. एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे काय?

उत्तर: खरं सांगायचं तर हा एक शब्द नाहीच, दोन आहेत, फक्त स्पेलिंग एक झालंय. लॅटिनमध्ये पोर्टा म्हणजे दरवाजा, त्यावरून दारावरचा पोर्टर, म्हणजे आपला द्वारपाल किंवा दरवान. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा पोर्टर तो हा. आणि पोर्तारे म्हणजे वाहून नेणं, त्यावरून ओझंवाला पोर्टर (इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्टमधलं पोर्ट हेच बरं का). फ्रेंचमध्ये अजून पोर्तिए आणि पोर्तर असे दोघं वेगळे आहेत, इंग्रजीत आले आणि एकमेकांत मिसळले. आपला हमाल शब्द पण असाच, अरबीत वाहून नेणं या धातूवरून आलेला.

बिअरचं नाव मात्र ओझंवाल्यांवरूनच पडलं. १८व्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर आणि नदीच्या धक्क्यांवर माल उचलणारे लोक ही काळपट बिअर प्यायचे म्हणून ती पोर्टर, आणि त्यातली कडक ती स्टाउट पोर्टर, पुढे नुसतं स्टाउट राहिलं.

नेपाळातले पोर्टर मला या सगळ्यात जास्त जवळचे वाटतात. पाठीवर डोको म्हणजे विणलेली टोपली, तिचा पट्टा कपाळावरून घेतलेला, त्याला नाम्लो म्हणतात, म्हणजे सगळा भार मानेवर, आणि दम लागला की हातातली काठी मागे टोपलीखाली टेकवून उभ्याउभ्याच विसावा घ्यायचा. तेनसिंग नोर्गे १९३५ मध्ये एव्हरेस्टच्या मोहिमेवर पहिल्यांदा गेले ते पोर्टर म्हणूनच, शिखरावर पोचले १९५३ ला!

अजून एक अर्थ सांगायलाच हवा. अमेरिकेत पुलमन कंपनीच्या स्लीपर डब्यांत बिछाने घालणारे, बूट पॉलिश करणारे, सामान चढवणारे ते पण पोर्टर, जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. प्रवासी त्यांना सरसकट जॉर्ज म्हणून हाक मारायचे, कारण मालकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणजे माणसाला स्वतःचं नावसुद्धा नाही, हे वाचलं तेव्हा फार लागलं मला. १९२५ मध्ये त्यांनी कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली युनियन काढली, कंपनीने १२ वर्षं दाद दिली नाही, शेवटी १९३७ मध्ये करारावर सही करावीच लागली. त्या युनियनच्या नावातही पोर्टर हाच शब्द होता, आणि तो त्यांनी स्वतः निवडलेला होता.