रेसचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी दाखवा

साताऱ्याहून एका वाचकाचं पत्र आलंय, चांगलं चार पानी. वय ३९, एमआयडीसीत नोकरी, पगार वर्षाला साडेअकरा लाख, मिसेस घर सांभाळतात, दोन मुलं शाळेत, वडील ६८ वर्षांचे आणि त्यांना शुगर, होम लोन अजून ३१ लाख बाकी. गडी पळणारा आहे, सातारा हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट दरवर्षी चढतो, मुंबईची फुल पण करून आलाय. आणि आता वैतागलाय, की प्रत्येक रेसची फी दीड-दोन हजारांवर गेली, घरात टी-शर्टचा ढीग, मेडलं खिळ्याला लटकतायत, आणि स्टेजवर सकाळी पाच वाजता झुंबा कुणाला पाहिजे असतो?

म्हणून त्यांची आयडिया अशी: बोरणे घाटातून ठोसेघरच्या रस्त्याला साधी २१ किमी रेस, फी ४९९, टी-शर्ट नाही, मेडल नाही, नाश्ता नाही, फक्त रस्ता, पाणी आणि टायमिंग. पहिल्या वर्षी ८०० लोक, मग वर्षाला चार रेस, मग नोकरी सोडून हेच. सुरुवातीला ६ लाख लागतील. प्रश्न एकच: "लोक येतील का?"

येतील. पण तुम्हाला वाटतात तितके नाही, आणि जे येतील त्यांच्यावर तुमचं घर चालणार नाही.

तुमच्याच हायवेवरून सायकलवाले जातात ते बघा. पुण्याहून निघणाऱ्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला, माणसं २००, ३००, ४००, ६०० किलोमीटर मारतात, २०० ला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास, रस्ता बंद नाही, मागे गाडी नाही, पंक्चर स्वतः काढायचं, भूक लागली तर धाब्यावर स्वतःच्या पैशाने खायचं, कंट्रोलला, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या थांब्यावर, कार्डावर शिक्का घ्यायचा आणि पुढे. फी काही शे रुपये, मेडल हवं तर वेगळे पैसे भरा. म्हणजे स्वस्त, बिनतामझामाची रेस चालते हे सिद्धच आहे. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या, ती चालवणारे व्हॉलंटियर आहेत, त्यावर कुणाची ईएमआय जात नाही. इंग्लंडमधलं पार्करन पण तसंच, २००४ ला लंडनच्या बुशी पार्कात १३ जणांनी सुरू केलं, दर शनिवारी ५ किमी, फुकट, आणि सगळं काम व्हॉलंटियरच करतात. तुम्हाला मात्र यातून पगार काढायचाय, तिथे गणित बदलतं.

टी-शर्ट, मेडल, नाश्ता काढून माणशी वाचतात किती, तर माझ्या अंदाजाने साडेतीनशे-चारशे. तुम्ही फी कमी केलीत हजाराने. उरलेला खर्च तर तसाच राहतो: दोन अँब्युलन्स आणि डॉक्टर ३५ हजार, परवानग्या आणि बंदोबस्त ३०, टायमिंग भाड्याने ५०, पाण्याची टेबलं ४०, टॉयलेट २०, रस्त्यावरची पोरं, त्यांचं खाणं आणि जॅकेटं २५, बोर्ड-कोन-छपाई २५, लायबिलिटी इन्शुरन्स १५. झाले २ लाख ४० हजार, एक माणूस येवो की आठशे. बिब (छातीवरचा नंबर) आणि पेमेंट गेटवेचे ४० वजा करता ४९९ मधले तुमच्या हातात ४६० येणार, म्हणजे नफा-तोटा शून्य करायलाच ५२० माणसं लागतात. मी पहिल्या वर्षी ३५० धरेन. ८० हजार खिशातून गेले.

बरं, टी-शर्ट काढलात म्हणजे स्पॉन्सर पण काढलात. तो लोगो कुठे लावणार, तुमच्या पाण्याच्या ग्लासावर? मोठ्या रेसचं बरंचसं उत्पन्न त्याच शर्टावर, स्टेजवर आणि कमानीवर विकलं जातं, मुंबईच्या रेसच्या तर नावातच प्रायोजक आहे. ज्याला तुम्ही फालतू खर्च म्हणताय तो त्यांचा विकायचा माल आहे.

आणि पुण्याचा रनर साताऱ्याला यायचं ठरवतो तेव्हा फी हा सगळ्यात छोटा आकडा असतो हो. पेट्रोल, टोल, रात्रीचं हॉटेल, जेवण, चार-पाच हजार सहज जातात, त्यात तुम्ही हजार वाचवलेत म्हणून तो येणार नाही, आणि जो पहिल्यांदाच २१ पळतोय त्याला तर मेडल पाहिजेच, घरी दाखवायला काहीतरी नको का? गोव्याच्या ७०.३ आयर्नमनला लोक कितीतरी पट जास्त फी भरतात, १.९ किमी पोहायचं, ९० सायकल, २१.१ पळायचं, हे सगळं मालवणला फुकटात करता येतं की. ते त्या नावाचे पैसे देतात. तुमचा खरा ग्राहक म्हणजे सातारा-कराड-वाईतला जुना, मुरलेला पळणारा, आणि असे किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर २०० अंगठे आले म्हणता, त्या दोनशेंना आज ३०० रुपये अ‍ॅडव्हान्स मागा, नॉन-रिफंडेबल, आणि मग मोजा.

आता तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावरची ओळ, जिच्यामुळे मी हे एवढं लिहायला बसलोय: "पैशाचं टेन्शन नाही, बँकेतून घेतलेला गॅरंटीड डबलवाला प्लॅन आहे, ३ हप्ते भरलेत, त्यावर ३ लाख लोन काढतो, २ लाख मिसेसच्या सोन्यावर, १ लाख सेव्हिंगमधून. इन्शुरन्स पण त्यातच झालाय."

एक-एक घेऊ. वर्षाला १ लाख २० हजार, १० वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २४ लाख मिळणार. तुम्ही लिहिलंय की दुप्पट म्हणजे दहा टक्के तरी पडतात. कुठून पडतात? पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, दहावा ११ वर्षं, सरासरी साडेपंधरा. साडेपंधरा वर्षांत दुप्पट, आणि ७२ ला दुप्पट व्हायच्या वर्षांनी भागलं की साधारण व्याजदर येतो, तर ७२ ला साडेपंधराने भागा, साडेचार टक्के आणि वर थोडं. एफडीपेक्षा कमी. रिलेशनशिप मॅनेजरने तुम्हाला "सर, एफडीसारखंच आहे पण रिटर्न जास्त" म्हणून विकलं, मार्च २०२३ मध्ये, टॅक्स वाचवायच्या घाईत, तुम्ही सही केलीत आणि पॉलिसी बाँडचं पाकीट अजून कपाटात तसंच असणार, मी पैज लावतो. त्यात टॅक्सची गंमत वेगळीच. २०२५-२६ ला नव्या पद्धतीत तुमच्या साडेअकरा लाखांतून ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन गेलं की १२ लाखांच्या रिबेटच्या आतच बसता, टॅक्स शून्य. नव्या पद्धतीत ८०सी (विम्याच्या हप्त्यावरची टॅक्स सवलत) नाहीच आणि तुम्हाला त्याची गरजपण नाही. ज्या कारणासाठी घेतली ते कारणच उरलं नाही.

३ लाख लोन? भरलेत ३ लाख ६० हजार म्हणून तेवढं मिळेल असं वाटतंय ना? लोन मिळतं सरेंडर व्हॅल्यूवर, म्हणजे पॉलिसी मधेच मोडली तर हातात येईल त्या रकमेवर. तुमच्या वेळच्या नियमांत तीन हप्त्यांनंतर गॅरंटीड सरेंडर व्हॅल्यू भरलेल्या पैशाच्या साधारण ३५ टक्के, म्हणजे सव्वा लाख, कंपनीने स्पेशल व्हॅल्यू दिली तर थोडं इकडेतिकडे. त्याच्या ८०-९० टक्के लोन, म्हणजे हातात लाखभर. तेही नऊ-दहा टक्के व्याजाने, साडेचार टक्के देणाऱ्या वस्तूवर. सहा लाखांच्या प्लॅनमधले दोन लाख इथेच उडाले.

आणि इन्शुरन्स. या पॉलिसीत कव्हर किती, १२ लाख. कर्ज ३१ लाख. उद्या घाटात पळताना तुम्हाला काही झालं (पळणाऱ्यांना होत नाही असं समजू नका), तर १२ लाख बँकेला देऊन वर १९ लाख देणं, पगार बंद, दोन मुलं, शुगरवाले वडील. वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास भरूनही घर उघड्यावरच आहे. मला राग याचाच येतो, विकणाऱ्याने हे घर बघितलं होतं, लोन त्याच्याच बँकेचं होतं, तरी त्याने हे विकलं, कारण टर्म प्लॅनमध्ये, म्हणजे नुसत्या मृत्यूच्या विम्यात, त्याचा टार्गेट भरत नाही.

तुम्हाला दीड कोटीचं साधं टर्म कव्हर पाहिजे, साठीपर्यंत. दारू-सिगारेट नाही, नाडी ५२ आहे असं अभिमानाने लिहिलंय, मेडिकल आरामात निघेल, हप्ता वर्षाला २५ हजारांच्या आसपास, आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी पण नाही. पळण्याचा खरा पैशातला फायदा घ्यायचा तर तो इथे घ्या.

मग जुनीचं काय? बाँडमधला बेनिफिट इलस्ट्रेशनचा कागद काढा, वर्षानुसार सरेंडर व्हॅल्यूचा रकाना असतो, आणि कंपनीला मेल करून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर विसाव्या वर्षी किती. सव्वा लाख आज घेऊन ७.१ टक्क्यांच्या पीपीएफमध्ये टाकले तर १७ वर्षांत साधारण चार लाख होतात. पेड-अपचा आकडा चार लाखांच्या वर असेल तर पेड-अप, खाली असेल तर सरेंडर, एवढं सोपं आहे. आणि पुढचे सात हप्ते, १ लाख २० हजारवाले, तेही पीपीएफमध्ये गेले तर त्यांचे २२ लाख होतात, म्हणजे २ लाख ३५ हजारांवर पाणी सोडूनही एकूण २६ च्या आसपास, त्यांची गॅरंटी २४ ची. हप्त्यातले २५ हजार टर्मला दिले तर एकूण आकडा २६ वरून साडेएकवीसवर येईल आणि सात वर्षांनंतर टर्मचा हप्ता खिशातून जाईल हे खरं, पण मधल्या काळात घरामागे दीड कोटी उभे असतील. "एवढे भरलेत, आता कसं सोडू" असं वाटणार, वाटू द्या. पाचव्या किलोमीटरला पाय मुरगळला तर तुम्ही उरलेले सोळा पळता का?

मात्र टर्म आधी हातात येऊ द्या, मगच जुनीला हात लावा. हा क्रम चुकवू नका.

मेडिक्लेमचा तर पत्रात उल्लेखच नाही, म्हणजे कंपनीचाच असणार आणि नोकरी सोडली की तोही गेला. नोकरीत असतानाच कुटुंबाचा स्वतःचा १० लाखांचा घ्या, वडिलांचा वेगळा, त्यांची शुगर न लपवता. जुन्या आजाराचं वेटिंग आता जास्तीत जास्त ३ वर्षं असतं, ते घड्याळ आजच सुरू होऊ दे.

नोकरी सोडायचं आत्ता डोक्यातून काढा. चार रेस, हजार-हजार लोक, माणशी २०० नफा, वर्षाला ८ लाख, असं तुम्ही मांडलंय. ईएमआय २८ हजार आणि घरखर्च ३५ धरला तर वर्षाला साडेसात लाख लागतात, म्हणजे सगळं तुमच्या स्वप्नाप्रमाणे झालं तरी पन्नास हजार उरणार, आणि वर दाखवलंच की पहिल्या वर्षी ८० हजार जाणार आहेत. सेव्हिंगमध्ये दीड लाख आहे, ते तीन महिन्यांचंसुद्धा नाही, त्याला हात लावायचा नाही. मिसेसच्या सोन्याबद्दल त्यांना विचारलंय का ते पत्रात कुठे दिसलं नाही. आणि तुम्ही म्हणताय ती सेकंडहँड टायमिंगची मशीन अडीच लाखांना घ्यायची कशाला, वर्षातून एकदा वापरायला?

रेस करायची हौस आहे तर करा की, पण ब्रेव्हेसारखी करा. साठ-सत्तर जण, १५० रुपये, आपापली बाटली आपापली घड्याळं, तीन ठिकाणी पाणी, एक गाडी मागे, ओळखीचा डॉक्टर सोबत पळणारा, आणि पोलीस स्टेशनला आधी विचारून. आठ-दहा हजारांचा मामला आहे, तेवढा तुमच्या पगारातून जाऊ शकतो. फक्त ती एकट्याच्या नावावर करू नका, तुमच्या रनिंग क्लबची रजिस्टर्ड संस्था असेल तर तिच्या नावाने करा, कारण कुणी कोसळला तर पहिला प्रश्न आयोजक कोण हाच येतो.

पुढचा हप्ता मार्चमध्ये आहे. फेब्रुवारीत बँकेतून फोन येईल, "सर, अजून दोन भरा, मग फायदा सुरू होतो." तोपर्यंत टर्मची मेडिकल झालेली असू दे आणि कंपनीच्या मेलचं उत्तर मला पाठवा, सरेंडर आणि पेड-अप दोन्ही आकड्यांसकट.