सिंबिडियम: पानं दाट, पण दांडा का येत नाही?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं सिंबिडियम या आमरीबद्दल (ऑर्किडबद्दल) आहेत. काही पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (पुणे): तीन वर्षांपूर्वी फुलांनी लगडलेली कुंडी आणली. फुलं दोन महिने टिकली. तेव्हापासून पानं गर्द हिरवी आणि दाट आहेत, दरवर्षी नवे कोंबही येतात, पण फुलांचा दांडा एकदाही आला नाही. कुंडी पूर्वेच्या बाल्कनीत आहे. दर आठवड्याला 19:19:19 खत देतो. काय चुकतं?

खतापेक्षा रात्रीकडे बघा. बाजारातल्या मोठ्या फुलांच्या सिंबिडियमचे पूर्वज, म्हणजे लोवियानम, ट्रेसियानम, एबर्नियम, इनसिग्ने या जाती, पूर्व हिमालय, म्यानमार आणि व्हिएतनामच्या डोंगरांतले. तिथे पावसाळाभर वाढ होते, नवा कंद, म्हणजे पानांच्या बुडाचा फुगीर भाग, फुगतो आणि पाऊस सरला की आकाश निवळून रात्री एकदम गार होतात. दांडा धरायची खूण झाडाला तिथे मिळते. रात्री 10 ते 15 अंश, दिवसा 25-26 च्या आसपास, आणि असं सलग पाच-सहा आठवडे. दिवस-रात्रीत दहा अंशांचा फरक पडायला हवा.

पुण्यात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्री वीसच्या आगेमागे असतात. खरा गारवा नोव्हेंबरमध्ये येतो. म्हणजे तुम्हाला संधी आहे, पण ती उशिरा येते, आणि बाल्कनी ती वाया घालवते. दिवसभर तापलेली भिंत आणि स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत असतात. सोसायटीच्या बागेत जमिनीलगत, इतर झाडांमध्ये जागा मिळाली तर दिवाळीपासून जानेवारीअखेरपर्यंत कुंडी तिथे ठेवा. किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर कुंडीशेजारी टांगा. हवामान खात्याचा आकडा वेधशाळेतला असतो, तुमच्या कुंडीजवळचा नाही.

दुसरी गोष्ट पानांच्या रंगाची. गर्द हिरवं पान दिसायला छान, पण सिंबिडियममध्ये ती उजेड कमी पडल्याची खूण आहे. फुलणाऱ्या झाडाची पानं पोपटी, किंचित पिवळसर असतात. उन्हाळ्यात 50 टक्क्यांच्या शेडनेटखाली आणि थंडीत सकाळचं दहापर्यंतचं थेट ऊन, असा हिशोब ठेवा. सावलीतलं झाड एकदम उन्हात नेलंत तर पानांवर पांढरे-तपकिरी चट्टे पडतात, म्हणून दोन आठवड्यांत थोडं थोडं सरकवा.

19:19:19 मार्च ते ऑगस्ट ठीक आहे, लिटरला 1 ग्रॅम. सप्टेंबरपासून नत्र कमी करा आणि 13:40:13 पंधरा दिवसांतून एकदा, त्याच मापाने द्या. खत बदलून फूल येत नाही, पण नत्राचा मारा चालू राहिला तर झाड पानांतच रमतं.

कुंडीत बर्फाचे खडे ठेवायचा सल्ला अनेकांना मिळाला आहे. कृपया ठेवू नका. गारवा हवेत हवा. बर्फाने फक्त मुळं दुखावतात.

प्रश्न (ठाणे): सिंबिडियम घ्यावं का?

मोठ्या फुलांचं घेऊ नका. ठाण्या-मुंबईची रात्र त्याला पुरेशी गार होत नाही. विकत आणलेली फुलं संपली की हाती फक्त पानं उरतील. ‘गोल्डन एल्फ’ हा संकर शोधा. त्याच्या पालकांपैकी एक एन्सिफोलियम ही उष्णता सोसणारी जात आहे, त्यामुळे तो उकाड्यातही फुलतो. फूल पिवळं, सुवासिक. नर्सरीवाल्याला ‘सिंबिडियम’ एवढंच सांगू नका, संकराचं नाव लिहिलेली पट्टी कुंडीत आहे का ते बघा.

प्रश्न (सावंतवाडी): घरामागच्या जुन्या आंब्यावर जाड, चामड्यासारख्या लांब पानांचा झुबका आहे. उन्हाळ्यात त्यातून फुलांची माळ खाली लोंबते. शेजारी म्हणतात बांडगूळ आहे, तोडा. हे सिंबिडियम असेल का?

वर्णनावरून बहुधा सिंबिडियम अ‍ॅलोइफोलियम. पान पट्ट्यासारखं, ताठ, टोकाला बोथट आणि किंचित दुभंगलेलं. फुलं साधारण चार सेंटिमीटरची, फिकट पिवळ्या पाकळ्यांवर मधोमध लालसर तपकिरी पट्टा. सह्याद्रीत याच्यासारखीच दिसणारी बायकलर ही जातही आहे. पानांवरून दोघींत फरक करता येत नाही, त्यासाठी फुलाची ओठासारखी पाकळी जवळून बघावी लागते.

हे बांडगूळ नव्हे. बांडगुळाची मुळं फांदीच्या लाकडात शिरतात आणि तिथे गाठ येते. आमरीची मुळं सालीवरून नुसती पसरतात, आंब्याचं काहीही घेत नाहीत. एक वाळलेलं मूळ चिमटीत धरून ओढा. वरचं पांढरं, स्पंजासारखं आवरण निघून येतं आणि आत तारेसारखा दोरा राहतो.

तोडू नका. स्वार्ट्झ या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1799 मध्ये सिंबिडियम ही प्रजाती मांडली, आणि तिची नमुना-जात म्हणून आज हीच अ‍ॅलोइफोलियम मानली जाते. तुमच्या आंब्यावरचं झाड हे साऱ्या सिंबिडियमांचं मूळ परिमाण आहे. जंगलातून असं झाड काढून आणू नका. वाऱ्याने मोडून पडलेल्या फांदीवर सापडलं, तर तेवढं उचलून सुतळीने दुसऱ्या खोडाला बांधा, पावसाच्या सुरुवातीला.

प्रश्न (पाचगणी): कंदाच्या बुडातून दोन टोकं वर आली आहेत. दांडे आहेत की नवे कोंब, हे कसं ओळखावं?

दोन-तीन इंचांचे होईपर्यंत दोन्ही सारखेच दिसतात. मग अंगठा आणि तर्जनीत हलकेच धरून बघा. दांडा गोल, पेन्सिलीसारखा, पोटाला जरा फुगीर लागतो आणि दाबला तर आत मऊ, पोकळीसारखा जाणवतो. कोंब चपटा आणि घट्ट असतो, आणि त्याचं टोक लवकरच पंख्यासारखं दोन बाजूंना उघडतं. जोराने दाबू नका. आतल्या कळ्या त्या वेळी तांदळाच्या दाण्याहून लहान असतात.

दांडा ठरला की कुंडी फिरवू नका. तो उजेडाच्या दिशेने वाढतो, कुंडी वळवली की पीळ पडतो. एक वीत उंच झाला की बांबूची काडी लावून सैल बांधा. आणि रात्री टॉर्च घेऊन गोगलगाई वेचा, एका रात्रीत त्या सगळ्या कळ्या कुरतडतात. पाचगणीची थंडी सिंबिडियमला मानवते, पावसाळा मानवत नाही. जून ते सप्टेंबर वर पारदर्शक छप्पर आणि चारी बाजू उघड्या, अशी जागा हवी. कोंबाच्या पोटात पाणी साचून राहिलं की तो आतून कुजतो, आणि ओढला तर अलगद हातात येतो.

प्रश्न (कोल्हापूर): कंदांनी कुंडी फुटायला आली आहे. कधी आणि कशी बदलावी? लाल माती चालेल का?

माती अजिबात नको. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, मातीत ती गुदमरतात. फुलं संपल्यावर लगेच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन कडक व्हायच्या आत बदला. त्यानंतर दोन-तीन वर्षं हात लावायची गरज नाही.

भर अशी: पाइनच्या सालीचे सुमारे एक सेंटिमीटरचे तुकडे 5 भाग, नारळाच्या सोडणाचे तुकडे 2 भाग, लोणारी कोळसा 2 भाग, पर्लाइट 1 भाग. पर्लाइट नसेल तर विटेचे बारीक तुकडे. साल रात्रभर भिजवा. सोडणं तीन दिवस भिजवा आणि रोज पाणी बदला, त्यात मीठ असतं. चाळून चुरा टाकून द्या. चुरा राहिला की तळाशी गाळ होतो आणि तिथूनच कूज सुरू होते.

झाड निघत नसेल तर प्लास्टिकची कुंडी कापा, मुळं ओढू नका. जुनी भर झटका. दाबल्यावर पाणी सुटणारी, पोकळ, तपकिरी मुळं कापा. टणक, पांढरी ठेवा. विभागायचंच असेल तर प्रत्येक भागात पानं असलेले निदान तीन-चार कंद आणि एक नवा कोंब राहू द्या. लोभाने एकेक कंद वेगळा केला की पुढची दोन-तीन वर्षं फूल विसरायचं. पातं ज्योतीवर तापवून घ्या आणि प्रत्येक झाडासाठी पुन्हा तापवा. कंदावरच्या कापाला दालचिनीची पूड लावा, मुळांना लावू नका, ती सुकतात.

चार कंदांच्या भागाला सहा-सात इंची कुंडी पुरते, रुंदीपेक्षा खोल. मोठी कुंडी म्हणजे प्रेम नव्हे, ती आत ओली राहते. जुने कंद काठाशी टेकवा, नवा कोंब मोकळ्या बाजूला. कंदांचा तळ भरीच्या वरच्या थराशी असावा, पुरू नका. चार-पाच दिवस फक्त पानांवर फवारा, मग नेहमीचं पाणी.

पानं झडलेले पण टणक असे जुने कंद फेकू नका. सोलून ओलसर शेवाळात, प्लास्टिकच्या पिशवीत सावलीत ठेवा. दोन-तीन महिन्यांत कोंब फुटतो. फुलायला तीन-चार वर्षं लागतात.

प्रश्न (नाशिक): पानांची टोकं काळी पडतात, खालची बाजू चंदेरी झाली आहे. काही पानांवर काळ्या रेघाही आहेत. बोअरचं पाणी देतो.

ही तीन वेगळी दुखणी आहेत. काळी टोकं बहुधा क्षारांमुळे. पावसाचं पाणी साठवा किंवा आरओचं वापरा, आणि महिन्यातून एकदा बिनखताचं भरपूर पाणी कुंडीतून वाहू द्या.

चंदेरी झाक लाल कोळी या बारीक किडीची. ओला पांढरा कापूस पानाखालून फिरवा. तांबूस डाग आला की खात्री. पानांची खालची बाजू पाण्याच्या जोराने धुवा, मग संध्याकाळी लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल, चार थेंब द्रवसाबण मिसळून फवारा. एकदा फवारून भागत नाही, अंड्यांतून नवी कोळी निघत राहते. पाच-सहा दिवसांनी, असं तीनदा करा.

रेघांचं मात्र गंभीर आहे. पान उजेडासमोर धरा. नव्या पानात फिकट पिवळे, तुटक पट्टे आणि जुन्यात त्याच जागी खोलगट काळ्या रेघा असतील, तर सिंबिडियम मोझेक विषाणूचा दाट संशय आहे. त्यावर औषध नाही. झाड आजच वेगळं करा, त्याचे जुने कंदही वाढवू नका आणि त्याच्या कुंडीतून निथळलेलं पाणी दुसऱ्या कुंडीत जाऊ देऊ नका. प्रयोगशाळेत तपासता येत नसेल, तर जड मनाने का होईना, नष्ट करणं बरं. बाकीची झाडं वाचतील.

प्रश्न (सॅन होजे, कॅलिफोर्निया): अंगणात झाड छान फुललं. पण दोन फुलांचा पांढरा ओठ दोन दिवसांत लालबुंद झाला. रोग आहे का?

नाही. मधमाशी आत शिरून गेली आहे. परागण झालं, किंवा फुलाच्या मधल्या खांबाच्या टोकावरची टोपी नुसती निघाली, तरी इथिलीन वायू तयार होतो, ओठ लाल होतो आणि फूल लवकर मिटतं. त्या खांबाचं टोक भिंगातून बघा, पिवळी टोपी नसेल. फुललेली कुंडी घरात घ्या, पण पिकलेल्या केळ्यांच्या टोपलीशेजारी ठेवू नका, तोच वायू तिथेही असतो. शेवटची कळी उमलून दोन आठवडे झाले की दांडा कापून फुलदाणीत लावा. फुलं तिथेही टिकतात आणि कंदावरचा भार उतरतो.